शिंक आली की लघवी सुटते? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नीट कसे आवळायचे

खोकताना, शिंकताना, खदाखदा हसताना किंवा पाण्याची बादली उचलताना लघवीचे थेंब सुटत असतील तर गोळी किंवा शस्त्रक्रियेचा विचार नंतरचा. पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाचा, ज्याला केगल म्हणतात. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. अशी गळती असलेल्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात ५६ टक्के जणींनी ‘बरं झालं’ असं सांगितलं, व्यायाम न करणाऱ्या गटात ६ टक्के जणींनी. इतका फरक पडत असूनही ‘ते केगल की काय ते करून पाहिलं, काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ असतात. बहुतेकींच्या बाबतीत कारण एकच असतं. जो स्नायू आवळायचा तो आवळलाच जात नाही.

१९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना हा व्यायाम फक्त तोंडी समजावून सांगितला आणि लगेच तपासलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. जवळपास पाव जणी उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असंच करत होत्या. म्हणून स्नायू ओळखणं आणि चुका पकडणं यावर इथे सगळ्यात जास्त जागा खर्च केली आहे. किती वेळा, किती सेकंद हा हिशोब त्यापुढे सोपा आहे.

आधी गळती कुठल्या प्रकारची ते पाहा

पोटात दाब वाढला की सुटते ती ताणाची गळती. खोकला, शिंक, उडी, वजन उचलणं, जिना उतरणं ही तिची निमित्तं. अचानक जोराची घाई लागते आणि संडासापर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले होतात, ती घाईची गळती. नळाचा आवाज आला, हात थंड पाण्यात गेले, दाराला किल्ली लावली की ती उसळते. कित्येकींना दोन्ही असतं. तिसऱ्या प्रकारात मूत्राशय रिकामंच होत नाही, तुडुंब भरतं आणि थेंब थेंब गळत राहतं. वाढलेल्या प्रोस्टेटचे पुरुष आणि जुना मधुमेह असलेले लोक यात येतात. त्यांनी व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठावा.

प्रकार ठरवायला तीन दिवस लघवीची वही लिहा. मापाच्या खुणा असलेला एखादा जुना मग संडासात ठेवा. प्रत्येक वेळी वेळ, किती मिली झाली, घाई होती का, गळली का, आणि दिवसभरात काय प्यायलात ते लिहा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३०० ते ४०० मिली होते, दिवसात सहा ते आठ वेळा, रात्री फार तर एकदा. प्रत्येक वेळी घाईने पळून जेमतेम १०० मिली होत असेल, तर स्नायूंच्या व्यायामाबरोबर मूत्राशयाला सवय लावण्याचंही काम आहे. चोवीस तासांत एकूण लघवी तीन लिटरच्या वर जात असेल तर पिण्याचं प्रमाण पाहा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.

लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायांतला जोर अचानक जाणं, लघवी अजिबात न होणं, किंवा अडलेल्या बाळंतपणानंतर दिवसरात्र सतत गळणं, यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी दवाखाना. बधिरपणा आणि पायांची कमजोरी एकदम आली असेल तर त्याच दिवशी. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि त्या खोकल्याने गळती वाढते. अशा वेळी गोळी बदलून मिळते का ते विचारायचं, मनाने बंद करायची नाही.

स्नायू नेमका कुठे आहे

पुढे जांघेच्या मधलं हाड आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये झोळीसारखा ताणून बांधलेला हा स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्यावर टेकलेले असतात. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग, योनी आणि गुदमार्ग या थरातून खाली जातात, पुरुषाच्या शरीरात मूत्रमार्ग आणि गुदमार्ग. थर आवळला की दोन गोष्टी एकदम होतात: तोंडं बंद होतात आणि सगळा तळ आत, वर उचलला जातो. नुसतं बंद झालं आणि उचललं गेलं नाही, तर काम अर्धंच झालं.

शिकायला उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, मानेखाली पातळ उशी. श्वास सोडता सोडता आधी मागून सुरुवात करा: चारचौघांत बसला आहात आणि वायू अडवायचा आहे, तसं गुदद्वार आवळा. तो आवळ तसाच धरून पुढे आणा, लघवी अडवल्यासारखा. मग सगळं मिळून छातीच्या दिशेने वर ओढा. दोन-तीन सेकंद धरा आणि सोडा. सोडताना तळ खाली उतरल्याचं जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही, तर बहुधा आवळलंच गेलं नव्हतं, किंवा सोडलं गेलं नाही.

पुरुषांनी लिंग आत ओढून आखूड करायचं आणि वृषणं वर उचलायची असं मनात आणावं. नुसतं गुदद्वार आवळून पुरुषांचं भागत नाही, कारण लघवी थांबवणारा भाग पुढे आहे. आरशात पाहिलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि वृषणं हलताना दिसतात.

बायकांनी खात्री करून घेण्याचे तीन मार्ग. आरसा धरला तर योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत, वर जाताना दिसतो. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही जोर करताय, तिथेच थांबा. दुसरा मार्ग, हात धुऊन अंगठा किंवा बोट पेरभर योनीत घालायचं. आवळल्यावर चारी बाजूंनी पकड आणि आत-वर ओढ जाणवली पाहिजे. बोट बाहेर ढकललं गेलं तर दिशा उलटी आहे. हे दोन्ही नको वाटत असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी कडक खुर्चीवर पुढून मागे अशी ठेवून तिच्यावर बसा. आवळल्यावर तळ टॉवेलवरून उचलला गेल्यासारखा वाटेल.

लघवी करताना मध्येच धार तोडून पाहायची ही पद्धत अजूनही सर्रास सांगितली जाते. ओळख पटवायला एखाद्या वेळी ठीक. रोजचा व्यायाम म्हणून करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात त्याने अडथळा येतो.

योगासनं करणाऱ्यांना मूलबंध आणि अश्विनी मुद्रा माहीत असतात आणि त्यांचा इथे खरंच उपयोग होतो. अश्विनीत भर गुदद्वारावर असतो, तेव्हा तोच आवळ पुढे मूत्रमार्गापर्यंत आणायला शिकावं लागेल. कपालभातीचं मात्र वेगळं. पोटाचे जोरदार झटके तळावर दाब टाकतात. त्या वेळी गळत असेल तर तळ सावरेपर्यंत कपालभाती बंद ठेवलेली बरी.

काय चुकतं आणि का

श्वास कोंडून धरणं ही सगळ्यात मोठी चूक. श्वास कोंडला की पोटातला दाब वाढतो आणि जो तळ वर उचलायचा तोच खाली ढकलला जातो. उपाय साधा: आवळताना मोठ्याने आकडे मोजा. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे.

दुसरी चूक म्हणजे शेजारचे स्नायू राबवणं. नितंब घट्ट करणं, मांड्या एकमेकींवर दाबणं, पोट खपाटीला नेणं. हे स्नायू मोठे आणि जोरकस, त्यामुळे खूप काम झाल्यासारखं वाटतं आणि तळ तसाच ढिला राहतो. एक हात बेंबीखाली आणि एक नितंबावर ठेवा. बेंबीखाली अगदी आत थोडा ताण येणं स्वाभाविक आहे, पण वरचं पोट कडक होता कामा नये आणि नितंबावरचा हात हलता कामा नये. बाहेरून पाहणाऱ्याला तुम्ही काही करताय हे कळू नये इतपत ते शांत असतं.

तिसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त त्रास देते: पूर्ण न सोडणं. अर्धवट आवळलेला स्नायू लवकर थकतो आणि खोकल्याच्या क्षणी त्याच्यात आणखी आवळायला जागाच उरत नाही. काहींचा तळ मुळातच कायम ताठ असतो. त्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला अडकल्यासारखं होतं, ओटीपोटात दुखत राहतं. अशा व्यक्तीने व्यायामाचा सपाटा लावला तर त्रास वाढतो. तिला आधी स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं: पोट फुगेल असा संथ श्वास घ्यायचा, श्वास आत घेताना तळ खाली रुंदावतोय याकडे लक्ष द्यायचं. ही लक्षणं असतील तर यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून सुरुवात करू नका.

किती आणि कसं वाढवायचं

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान मात्रा दिली आहे: एका वेळी निदान ८ आवळ, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली. हा आकडा सरसकट आहे. तुमचा आकडा तपासणीतून ठरतो.

ती तपासणी अशी. मूत्राशय रिकामं करून, झोपून एकदा पूर्ण जोराने आवळा आणि पकड ढिली पडेपर्यंतचे सेकंद मोजा. समजा ४ सेकंद टिकली. आता ४ सेकंद धरणं, ८ सेकंद सोडणं असं किती वेळा त्याच ताकदीने होतं ते पाहा. समजा ५ वेळा. नंतर एक मिनिट थांबून झटकन आवळ, झटकन सोड असं किती वेळा नीट जमतं ते मोजा. समजा ७. तर तुमचा एक फेरा असा: ४ सेकंदांचे ५ आवळ, मध्ये ८ सेकंदांची विश्रांती, शेवटी ७ झटपट आवळ. सकाळ, दुपार, रात्र मिळून तीन फेरे. सहावा आवळ पोटाने आणि नितंबाने ओढून काढण्यात अर्थ नाही. तो चुकीच्या स्नायूचा सराव होतो.

पाच आवळ सहज जमू लागले की एक सेकंद किंवा एक आवळ वाढवा, दोन्ही एकदम नाही. १० सेकंदांचे १० आवळ आणि १० झटपट आवळ हे गाठायचं ठिकाण. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. उभ्याने करताना आधी जमणारे सेकंद पुन्हा कमी होतील, कारण आता पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन तळावर आहे. ही पीछेहाट समजू नका. शिंक बहुधा उभ्यानेच येते, त्यामुळे झोपून केलेल्या व्यायामावर थांबणाऱ्यांची गळतीही तिथेच थांबून राहते.

पहिल्या काही आठवड्यांत स्नायू जाड होत नाही, मेंदूला तो सापडतो एवढंच. बळ यायला आठ-बारा आठवडे लागतात. नेमकं त्याच्या आधी, महिन्याभरात, लोक सोडून देतात. व्यायाम ठरलेल्या कामाला जोडला तर विसरत नाही: सकाळचा चहा उकळताना, दुपारी आडवं झाल्यावर, रात्री दिवा मालवल्यावर.

शिंकेच्या आधी आवळ

बळ येण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यापासून वापरता येईल अशी ही युक्ती आहे. खोकला किंवा शिंक येणार असं वाटताच आधी तळ आवळून उचलायचा, तो धरून खोकायचं, मगच सोडायचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सौम्य ते मध्यम गळती असलेल्या वयस्कर बायकांना ही युक्ती शिकवली. आठवडाभरात मध्यम खोकल्यातली गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि जोरदार खोकल्यातली ७३ टक्क्यांनी घटली. एवढ्या अवधीत स्नायू बळकट होत नसतो. फायदा झाला तो वेळ साधल्याचा.

सरावासाठी दिवसातून पाच-सहा वेळा मुद्दाम करा: आवळा, हलकं खोका, सोडा. मग हेच बाकीच्या कामांना लावा. खुर्चीवरून उठण्याआधी आवळ. भरलेली बादली किंवा हंडा उचलताना, गॅसचा सिलिंडर सरकवताना, मूल कडेवर घेताना आवळ आणि त्याच वेळी श्वास बाहेर. काही आठवड्यांत हे आपोआप व्हायला लागतं.

घाई लागते त्यांच्यासाठी

घाई लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. ती चढलेली असतानाच धावणं म्हणजे गळतीला आमंत्रण. थांबा, शक्य असेल तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा. टाचा वरखाली करा किंवा खुर्चीच्या कडेवर तळ दाबून बसा. शंभरपासून सात-सात वजा करत मन दुसरीकडे लावा. घाई ओसरली की मगच चालत जा.

त्याच्या जोडीला वेळ वाढवत न्यायची. वहीत दिसलं की दर तासाला जावं लागतं, तर पहिला आठवडा सव्वा तासाने जायचं, पुढच्या आठवड्यात दीड तासाने. निदान सहा आठवडे. तीन ते चार तास हे लक्ष्य. ‘निघतेच आहे, तर जाऊन येते’ ही सवय यात आड येते. अर्धवट भरलेल्या मूत्राशयाला सतत रिकामं केलं की त्याला भरण्याची सवयच राहत नाही.

याच्या उलट टोकाला एसटीच्या लांबच्या प्रवासात सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका. स्थानकावरची स्वच्छतागृहं पाहता त्यांना दोष देता येत नाही, पण गडद लघवी मूत्राशयाला चाळवते आणि बद्धकोष्ठता वाढते, म्हणजे तळावर दुहेरी भार. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव, थोडं थोडं करून. झोपण्याच्या दोन तास आधी हात आखडता. चहा-कॉफी घाई वाढवते. दिवसाला पाच कप असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करा, एकदम तोडलं तर डोकं धरतं. संध्याकाळी पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडा. नाहीतर तेच पाणी रात्री लघवीवाटे उठवतं.

संडासातल्या सवयी

लघवी करताना जोर लावू नका. सार्वजनिक संडासात कमोडला न टेकता अधांतरी बसलं की तळ सैल पडत नाही आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. शक्य असेल तर कागद अंथरून टेका. उकिडवं बसणं जमत असेल तर भारतीय संडास उत्तमच. गुडघे साथ देत नसतील तर कमोडसमोर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतका. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि श्वास सोडत होऊ द्या. रोज कुंथणारीचा तळ कितीही व्यायाम केला तरी सावरत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळी आणि पुरेसं पाणी यांनी पोट साफ होत नसेल तर त्यावर वेगळा उपचार घ्या. वजन जास्त असेल तर ५ टक्के कमी झालं तरी गळतीत फरक पडतो.

बाळंतिणी आणि प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेले

व्यायाम गरोदरपणातच सुरू करणं चांगलं. साध्या बाळंतपणानंतर लघवीची नळी (घातली असेल तर) निघाली आणि लघवी नीट होऊ लागली की दुखणार नाही इतके हलके आवळ चालतात. टाक्यांची सूजही त्याने उतरायला मदत होते. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेले असतील तर कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. पोटपट्टा कितीही घट्ट बांधला तरी तळ त्याने बळकट होत नाही. धावणं, दोरीवरच्या उड्या निदान तीन महिने नकोत. योनीतून काही खाली उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर आधी तपासणी.

प्रोस्टेट काढलेल्या पुरुषांनी शस्त्रक्रियेच्या आधीच स्नायू ओळखून ठेवावा. लघवीची नळी असेपर्यंत आवळायचं नाही. नळी निघाल्यावर गळती संध्याकाळी जास्त होते, कारण दिवसभर राबून स्नायू थकलेला असतो. तेव्हा फेरे सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी ठेवा. लघवी झाल्यावर मागाहून थेंब पडत असतील तर वृषणांच्या मागे बोटं टेकवून हलका दाब देत पुढे सरकवा, मूत्रमार्गात राहिलेलं बाहेर येतं.

फिजिओथेरपिस्टकडे काय होतं

पहिल्या भेटीत लघवीची वही सोबत न्या. तिथे तुमच्या परवानगीने, हातमोजा घालून एका बोटाने आतून तपासणी होते आणि पकडीला शून्य ते पाच असे गुण मिळतात. शून्य म्हणजे हालचालच नाही, तीन म्हणजे मध्यम पकड आणि थोडी उचल, पाच म्हणजे जोरकस. स्त्री थेरपिस्ट मागता येते, सोबत कोणी थांबू शकतं, आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. अशा वेळी बाहेरून सोनोग्राफी करूनही स्नायूची हालचाल दाखवता येते. ज्यांना स्नायू सापडतच नाही त्यांना पडद्यावर आलेख दाखवणारं यंत्र किंवा सौम्य विद्युत उत्तेजन उपयोगी पडतं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी विजेच्या यंत्रापासून लांब राहावं. स्नायू स्वतः आवळता येत असेल तर या यंत्रांवर वेगळे पैसे घालवण्याची सहसा गरज नसते.

दरम्यान पॅड लागत असेल तर मासिक पाळीचा नव्हे, लघवीसाठीचा घ्या. पाळीचं पॅड पातळ लघवी पटकन शोषत नाही आणि कातडी ओली राहून सोलते.

तीन महिने नीट व्यायाम करूनही वहीत फरक दिसत नसेल तर डॉक्टरांशी पुढचं बोला. घाईसाठी गोळ्या असतात. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन मिळतं. खाली उतरलेल्या गर्भाशयाला आधार द्यायला रिंग बसवता येते आणि ताणाच्या गळतीवर शस्त्रक्रियाही आहे. फरक दिसला, तर व्यायाम एकदम बंद करू नका. दिवसाचे तीन फेरे एकावर आणा आणि शिंकेआधीचा आवळ कायम ठेवा. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत पुन्हा गळू लागलं तर काही आठवडे पुन्हा तीन फेरे.